जोडीचा नियम

९ फेब्रुवारी, रविवार

ताई,

चौदा नाहीत. मामाला तू चौदा सांगितलेस, शेजारच्या काकूंना चौदा सांगितलेस, म्हणून सगळ्यात आधी हेच लिहितो. मी फार तर तीन-चार जणांकडे चौकशी केली असेल. कुठलाही भाऊ करतो एवढी. टोमॅटो घेताना तू चार दाबून बघतेस, आणि मी बहीण द्यायची तर एका माणसाला धड विचारायचंही नाही? ते लोकच नाजूक निघाले. नवऱ्यामुलाबद्दल विचारलं म्हणून ज्यांचं नाक कापलं जातं, त्यांच्या घरात तू कितीशी सुखी झाली असतीस? तू म्हणशील, ते बघायची संधीच दिली नाहीस. बरोबर आहे. पण चौदा नाहीत.

आणि फोनचं. तू म्हणालीस, आजपासून तुझा फोन उचलणार नाही, बोलायचं तर लिही, आणि उत्तराची वाट बघू नकोस. सातवीतून बाहेर पडलेल्या माणसाला लिहायला लावणं म्हणजे लंगड्याला पळायला लावणं. तरी लिहितोय. मी फोन करायचो तो काही छळायला नाही. आई गेल्यापासून तू त्या दोन खोल्यांत एकटी. मागच्या दाराची कडी नीट बसत नाही हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि ज्याला माहीत नसावं त्यालाही असेल. मला फक्त "हो, लावली" एवढंच ऐकायचं असायचं. ते तू म्हणायचीस, मी फोन ठेवायचो, आणि मग वाटायचं, ताई कंटाळून हो म्हणाली. म्हणून परत करायचो.

इकडचं सांगतो. कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. डेपोत मी अजून चाकांवरच आहे. बसच्या एका चाकाला दहा नट. पान्याने आवळत गेलं की ठरावीक ताणाला पाना टक करतो. टक म्हणजे झालं. वर प्रत्येक नटावर पिवळा प्लॅस्टिकचा बाण बसवतात, दोन बाणांची तोंडं समोरासमोर. नट ढिला झाला तर बाण फिरतो, म्हणजे लांबूनही दिसतं. एवढी सोय असताना आंधळ्यालाही काळजी नको. पण मला टक ऐकू आलं तरी वाटतं, हे शेजारच्या गाडीचं टक असेल.

तर गेल्या महिन्यात सात नंबरची गाडी सुटली आणि मला डाव्या मागच्या चाकाचा चौथा नट आवळल्याचं आठवेना. मी पाना घेऊन पळालो. पहिला स्टॉप चुकला, दुसरा चुकला, तिसऱ्याला गाडीपुढे उभा राहिलो. अंगावर काळं तेल, हातात हातभर लोखंड. आतल्या बायका ओरडायला लागल्या. ड्रायव्हर म्हणाला, अरे परतबघ्या, तू आहेस होय. (मला तिथं हेच नाव आहे.) मी खाली वाकून दहाही नट बघितले. सगळे पक्के. परत चालत येताना वाटलं, उजव्या चाकाचं काय?

मॅनेजर म्हणाला, एक तर डॉक्टरकडे जा, नाही तर घरी जा. घर तर तू बंद केलंस, म्हणून डॉक्टरकडे गेलो. त्याने बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि एक कागद दिला. कागदावर लिहिलंय, अनिश्चितता सहन न होणाऱ्यांचा गट, दर बुधवारी, संध्याकाळी पाच. मी तीनदा वाचला. असापण रोग असतो आणि त्याला रांग लागते, हे मला ठाऊक नव्हतं.

कडी लाव.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

दोन बुधवार झाले. तुझं उत्तर नाही, ते ठीक आहे, वाट बघत नाही. पेटीत सकाळी एकदा बघतो आणि कामावरून आल्यावर एकदा. पूर्वीपेक्षा कमी आहे.

दवाखान्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर खोली. जिन्यात स्पिरिटचा वास. आठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोलात. भिंतीवर घड्याळ होतं ते काढून टाकलंय, तिथला रंग गोल आणि स्वच्छ राहिलाय. सगळे त्याच गोलाकडे बघत बसतात. गट घेणाऱ्या एक बाई आहेत, पन्नाशीच्या असतील, आवाज कधी चढत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, इथं कुणालाही कशाचीही खात्री मिळणार नाही, ती मागायला आला असाल तर खाली औषधांचं दुकान आहे. मला त्या आवडल्या.

खात्री मागण्याला तिथं भीक म्हणतात. कुणी म्हणालं, मी बरोबर केलं ना, की बाकीचे एका सुरात, भीक. हसतात सगळे. मीही हसलो. मग लक्षात आलं, तुझ्यापुढे मी वर्षभर हात पसरून उभा होतो.

माणसं सांगतो. एक मास्तर आहेत, निवृत्त. पत्र पेटीत टाकलं की ते खाली पडलं की मध्येच अडकलं हे बघायला पेटीत हात घालायचे. एकदा हात अडकला. बंबवाले आले, पेटी कापली, आणि मास्तर त्यांना म्हणाले, आता कापलीच आहे तर माझं पत्र तेवढं बघा. एक स्वैपाकी आहे, तो मीठ बघायला इतक्यांदा चाखतो की जेवायला बसेपर्यंत पोट भरलेलं असतं. आणि पडदे शिवणारी एक बाई आहे, साठीची, तिला सगळे मावशी म्हणतात. तिचं गॅसचं आहे. घरातून निघाली की अर्ध्या वाटेवरून परत, बटण बंद आहे का बघायला. म्हणाली, माझे जोडे बाकीच्यांच्या दुप्पट झिजतात.

काल बाईंनी एक पत्र्याचा डबा गोलाच्या मध्ये ठेवला. हलवला, आत काहीतरी खडखडलं. म्हणाल्या, आत काय आहे ते मी कधीच सांगणार नाही. आणि ठेवून दिला. तास होईपर्यंत कुणाचंही दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं. खाली उतरल्यावर मास्तर मला हळूच म्हणाले, डबा विकत देतील का विचारावं म्हणतो.

दर आठवड्याला एक गोष्ट सोडायची असते. सोडायची म्हणजे बघायची नाही, विचारायची नाही. मी म्हणालो, मी एक नट सोडतो. मावशी म्हणाली, मग मी त्या गाडीत बसत नाही. फार दिवसांनी माझ्या बोलण्यावरून कुणीतरी हसलं आणि मला राग आला नाही.

तुला सांगतो, चौकशी नऊ जणांकडे केली होती. तीन-चार लिहिलं होतं. इथं खरं बोलायची सवय लावतात.


२३ मार्च, रविवार

ताई,

जोड्या पाडल्या. मला मावशी आली. बाईंनी सांगितलं, आठवड्यातून एकदा भेटा, काय सोडलं ते एकमेकांना सांगा, खात्री देऊ नका, नुसतं ऐका. एवढंच. पुढचं आम्ही वाढवलं.

मावशीचं घर डेपोपासून दोन स्टॉपवर, रस्त्याला लागून, पहिला मजला. पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वैपाकघर. सगळीकडे कापडाचे गठ्ठे, बसायला जागा करावी लागते. माझ्या खोलीच्या खिडकीला पडदा नाही हे ऐकून ती म्हणाली, माप आण. मी चार वेळा माप घेतलं, चारही वेगळी आली. मग तीच आली, तिने पाच वेळा घेतलं. शेवटी दोघं जमिनीवर बसून हसलो. पडदा चार बोटं आखूड झालाय. खालून ऊन येतं. ती म्हणाली, राहू दे, हाही सोडलास असं समज.

मला ती नट म्हणते. नटासारखा आवळलेला म्हणून. तिला मूल नाही, नवरा गेल्याला बारा वर्षं झाली. एक पुतण्या आहे तो दुसऱ्या गावी. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. मला वाटलं माझी बाजू घेईल. ती म्हणाली, तुझ्या बहिणीच्या जागी मी असते तर मीही उचलला नसता.

खरं म्हणजे त्यावरूनच निघालं. पहिल्या आठवड्यात ती मला रोज फोन करायची. बाजारातून विचारायची, नट, माझा गॅस बंद आहे ना रे? मी डेपोत, ती बाजारात, गॅस तिच्या घरी. आणि मी म्हणायचो, बंद आहे मावशी. दोघांनाही बरं वाटायचं. पाच मिनिटं. मग परत. एका आठवड्यात मला कळलं की ताई, तुझ्या बाजूने ऐकताना ते कसं लागत असेल.

मग मागच्या शनिवारी ती मशीन थांबवून म्हणाली, "हे बघ, आजपासून मी फोन केला तर उचलायचा नाही. कितीही वाजला तरी."

मी म्हणालो, "आणि खरंच काही काम असेल तर?"

"प्रत्येक वेळी खरंच काम आहे असंच वाटतं रे. तिथंच तर घोडं अडतं. हा फोन उचलू का तो उचलू असं करत बसलास की दोघंही गेलो. नियम म्हणजे नियम."

"मी केला तर?"

"मीही नाही उचलणार. बस म्हणेन बोंबलत."

तिने माझ्या हातावर हात मारून घेतला. सौदा करताना मारतात तसा. बाईंना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे आम्ही सांगितलं नाही. वाटलं, महिनाभर पाळून दाखवू आणि मग सांगू, म्हणजे शाबासकी मिळेल.

त्या दिवसापासून दोघंही सुधारलोय. ती एकदा संबंध बाजार करून आली, मधून परतली नाही. मी सलग तीन दिवस एकेका नटाचं एकच टक ऐकलं आणि पुढे गेलो. फोरमन म्हणाला, परतबघ्या, आजारी आहेस का?


१० एप्रिल, गुरुवार

ताई,

आज तुला अभिमान वाटेल असं लिहितोय. वाटला नाही तरी वाच.

गेल्या आठवड्यात मंगळवारी मावशीने मला दोनदा फोन केला. मी उचलला नाही. फोन वाजतोय, नाव दिसतंय, आणि मी तो बाकावर पालथा ठेवून चाक उतरवतोय. एकच नट दोनदा उतरवायला गेलो. पण उचलला नाही. दुसऱ्या दिवशी बुधवारी ती गटाला आली नाही. मी ओळखलं, नियम असूनही फोन केला म्हणून लाजली असेल.

गुरुवारी एका गाडीची चाचणी होती, ड्रायव्हर आणि मी. तिच्या खिडकीखालून गेलो. भर दिवसा आत दिवा लागलेला होता. आता हे बघ, पूर्वीचा मी असतो तर गाडी थांबवली असती, वर गेलो असतो, दार वाजवलं असतं, शेजाऱ्यांना विचारलं असतं, दोन दुकानदारांना विचारलं असतं, चारचौघांत तिची शोभा केली असती. तुझी केली तशी. ड्रायव्हर म्हणाला, काय बघतोस? म्हणालो, काही नाही. आणि मान खाली घातली. पुढचे दोन स्टॉप मी आपले बूट बघत होतो. दिवसा दिवा लागू शकतो. शिवणाऱ्याला उजेड लागतो. दिवा म्हणजे दिवा, दुसरं काही नाही.

शनिवारी मी तिच्याकडे जायचा दिवस. तिचा निरोप नव्हता, म्हणून गेलो नाही. गेलो असतो तर ते भेटायला जाणं नसतं, बघायला जाणं असतं. फरक मला आता कळतो.

काल परत बुधवार. परत आली नाही. बाईंनी विचारलं, कुणाला काही माहीत आहे का? मग मास्तर म्हणाले, न विचारणं हाच तर आपला अभ्यास आहे बाई. सगळे हसले. स्वैपाकी म्हणाला, मला कधीपासून विचारायचं होतं पण मी दाबून ठेवलं. त्याला टाळ्या मिळाल्या. मग एकेक जण सांगायला लागला, मीही दाबलं, मीही दाबलं. असं वाटलं की आज सगळा वर्ग पास झाला. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, मी फोन करून बघते. मास्तर हळूच भीक म्हणाले.

मी फोनांचं काही बोललो नाही. बोललो असतो तर आमचा नियम सगळ्यांना कळला असता.

ताई, मी दहा दिवस कुणाचीही चौकशी केलेली नाही. एकाही माणसाची. तुझीसुद्धा नाही, या पत्रात कडीबद्दल एक शब्द नाही, बघ. आता तरी एकदा फोन करू का? फक्त तू हॅलो म्हण, मी ठेवतो.


१८ एप्रिल, शुक्रवार

ताई,

मावशी गेली.

बाईंनी गेल्या गुरुवारी फोन केला, लागला नाही. शुक्रवारी माणूस पाठवला. त्याने घरमालकाला बोलावून दार उघडलं.

स्वैपाकघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथून पुढच्या खोलीपर्यंत घासत आली होती. पडद्याचं कापड अंगावर ओढून घेतलेलं होतं. डॉक्टर म्हणतात, पडल्यावर तीनेक दिवस तरी जीव असावा. गॅस बंद होता. हे मी विचारलं. विचारल्यावर पोलिसाने माझ्याकडे असं बघितलं की मी परत विचारलं नाही.

पोलीस डेपोत आला होता, कारण तिच्या फोनमध्ये शेवटचा नंबर माझा. मी तुला दोनदा फोन आला असं लिहिलं होतं. दोनदा नाही. नऊ वेळा. मंगळवारी चार, बुधवारी चार, गुरुवारी एक. गुरुवारचा सकाळी दहाला. मी खिडकीखालून गेलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

तू म्हणशील, दुसऱ्या कुणाला का नाही केला तिने? पोलिसानेही हेच विचारलं. तिचा चष्मा स्वैपाकघरात राहिला होता. तिचा साधा बटणांचा फोन. हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा लावलेला नंबर लागतो. तेवढंच तिला न बघता जमत होतं. शेवटचा नंबर माझा, कारण तोवर ती सबंध महिनाभर फक्त मलाच फोन लावत होती, आणि नियम झाल्यापासूनचा एकही मी उचलला नव्हता, आणि शनिवारी भेटल्यावर आम्ही त्याबद्दल एकमेकांची पाठ थोपटत होतो. ओरडली असेल तर खाली रस्ता आहे, बस जातात. आमच्याच.

पोलिसाने विचारलं, का नाही उचललास?

त्याला काय सांगू? म्हणालो, आमचा नियम होता. तो म्हणाला, कसला? मी सांगायला लागलो तर त्याने लिहिणं थांबवलं. शेजारी फोरमन उभा होता, तो बाहेर निघून गेला. शेवटी पोलिसाने लिहिलं, कामात असल्याने फोन उचलू शकला नाही. म्हणाला, हेच बरं दिसेल.

परवा बुधवारी मी बाईंना सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मी असा नियम दिला नव्हता." आवाज तेव्हाही चढला नाही. खरं आहे, त्यांनी दिला नव्हता. त्यांनी सांगितलं होतं, खात्री देऊ नका. ऐकू नका असं नाही म्हणाल्या. त्यांचं सगळं शिकवणं असं होतं की कधी उचलायचा आणि कधी नाही हे आपलं आपण त्या त्या वेळी ठरवायचं, चुकलं तर चुकलं. आम्हाला तेच नको होतं. आम्हाला अंदाज नको होता, नियम हवा होता. पान्यासारखा. टक झालं की झालं.

गुरुवारी दहा वाजता तिला काय वाटत असेल याचा मी विचार करतो. तिला माहीत होतं की मी उचलणार नाही. माझ्याकडून तिनेच हातावर हात घेतला होता. माहीत असून करत होती. की तिला वाटत होतं, तिसऱ्या दिवशी तरी हा गाढव समजेल. की वाजलेला ऐकूनच बरं वाटत होतं. मला कळायला मार्ग नाही. पुतण्या आला होता, त्याने सामान नेलं, मशीन विकलं.

मी तिला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त ओळखत होतो. आणि मी बूट बघत होतो.


११ मे, रविवार

ताई,

मध्ये लिहिलं नाही. काय लिहायचं ते सुचेना.

गटात आता तिघंच उरलोय. मास्तर, मी आणि एक नवीन बाई, तिला कुणी काही सांगितलेलं नाही. स्वैपाकी येत नाही. बाईंनी त्याला तिसऱ्याच दिवशी फोन केला. आता कुणी एक बुधवार चुकला की त्या गुरुवारी सकाळी फोन करतात. मास्तर म्हणाले, बाई, आता तुम्हीच गोलात बसा. कुणी हसलं नाही, तेही नाही.

मला चाकांवरून काढलंय. म्हणजे मीच मागून घेतलं. आता गाड्या धुतो. मळ असला की दिसतो, गेला की दिसतो. पगार कमी आहे. फोरमन बोलत नाही. बाकीचे बोलतात ते जपून, मी म्हणजे भरून ठेवलेला काचेचा ग्लास असल्यासारखं. परतबघ्या असं आता कुणी म्हणत नाही.

बाई मला वेगळं बोलावून म्हणाल्या, "तू उचलला असतास तर त्या वाचल्याच असत्या, हे खात्रीने कुणीच सांगू शकत नाही." मास्तर तेच म्हणतात. डॉक्टर तेच म्हणाले, त्या वयाला खुब्याचं हाड म्हणजे पुढचं काही सांगता येत नाही. सगळे हे माझ्या हातात असं ठेवतात जसं काही बक्षीस आहे. ताई, हेच तर मला सहन होत नाही. कुणी येऊन म्हणालं असतं, तू मारलंस तिला, तर मी ते घेऊन कुठंतरी कोपऱ्यात बसलो असतो. हे धड घेताही येत नाही, धड टाकताही येत नाही. बाईंना असं म्हणालो. त्या म्हणाल्या, माझ्याकडे याच्यावर काही नाही रे. तेवढं एक वाक्य मला खरं वाटलं.

आता तुझं. सतरा जण होते. तू चौदा म्हणायचीस, ते तुला कळलेले. त्याच्या ऑफिसातले पाच, घरमालकीण, न्हावी, दोन दुकानदार, शाळेतला जुना शिक्षक, त्याची मावसबहीण, बाकी असेच. चौदावा त्याचा डॉक्टर. तिथपर्यंत तुला कळलं आणि तू माझ्यासमोर हात जोडलेस, म्हणालीस, पुरे, मला तो पसंत आहे, पुरे. मी हो म्हणालो. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी तिघांकडे गेलो. सतरावी त्याची आई. तिच्या घरात बसून, तिच्या हातचं पाणी पिऊन मी तिला विचारलं की तुमच्या मुलात काही खोट आहे का? ती म्हणाली, होती की नाही ते आता तुम्हाला कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी नकाराचा निरोप आला.

त्या माणसात खोट नव्हती. एकही नाही. आधीच्या सोळा जणांनी मला तेच सांगितलं आणि सतराव्यानंतरही मला खात्री झाली नव्हती. तू सुखी झाली असतीस का, असं मी पहिल्या पत्रात विचारलं होतं. झाली असतीस बहुतेक.

म्हणजे एकदा मी दार वाजवत सुटलो आणि तुझं घर मोडलं. एकदा वाजवलं नाही आणि मावशी गेली. यातून काय शिकायचं ते मला कुणी सांगेना. दोन्ही वेळा मला वाटत होतं मी बरोबर करतोय. दोन्ही वेळा आतून तसंच वाटत होतं, काडीचाही फरक नव्हता.

तू इतके महिने गप्प आहेस. मावशी जाईपर्यंत मला वाटायचं, ताईचं गप्प बसणं म्हणजे राग. आता मला नुसतं गप्प ऐकू येतं. त्याच्या आत काय आहे ते ऐकू येत नाही. मामाला विचारू शकतो, काकूंना विचारू शकतो. मग परत सुरू झालं, एक, दोन, तीन. नाही विचारणार.

पण दर महिन्याला तुला मनीऑर्डरने पैसे पाठवतो त्याची पोस्टातून पावती येते, तिच्यावर तुझी सही असते. तेवढंच तुझं माझ्याकडे येतं. महिन्यातून एकदा. मधले तीस दिवस मोठे आहेत. तीन दिवसांत काय होतं ते मी बघितलंय. म्हणून आता महिन्याचे एकदम पाठवणार नाही. दर सोमवारी थोडे थोडे पाठवीन. पोस्टातला माणूस वैतागेल, चारदा पैसे भरावे लागतील, लागू देत. तुला काही बोलावं लागणार नाही, लिहावं लागणार नाही. नुसती सही कर. सही आली की मी तुला आठवडाभर सोडलं. फोन नाही, चौकशी नाही.

नाही आली तर मी येईन. आधी विचारणार नाही, सरळ गाडीत बसेन आणि येऊन दार वाजवीन. तू रागाने सही केली नसलीस आणि दार उघडून माझ्या तोंडावर परत लावलंस, तरी चालेल. मी जिन्यावरूनच मागे फिरीन, पगार कापला जाईल, परत इथं येऊन गाड्या धुवीन. हा नियम नाही. नियम मी आता करत नाही. पण त्या दाराशी मी येणार.

धुलाईचा पगार कमी म्हणून आकडाही कमी आहे. उद्या सोमवार. पंधराशे पाठवतोय.